एडीएक्स दिशा सांगत नाही
निफ्टीच्या दैनिक चार्टवर एडीएक्स (ॲव्हरेज डायरेक्शनल इंडेक्स) हा निर्देशक वर चढू लागताच खरेदी करण्याचा तुमचा विचार असेल, तर थोडे थांबावे. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ साली मांडलेला हा निर्देशक ट्रेंडचा केवळ जोर मोजतो, दिशा नव्हे. त्यामुळे बाजार कोसळत असतानाही तो ४०च्या पुढे जाऊ शकतो. दिशेसाठी त्याच्यासोबतच्या प्लस डीआय (चढाचा जोर) आणि मायनस डीआय (उताराचा जोर) यांपैकी कोणती रेषा वर आहे ते पाहावे. १४ दिवसांच्या नेहमीच्या मांडणीत २५च्या वर ट्रेंड सशक्त आणि २०च्या खाली बाजार दिशाहीन मानतात. मधल्या पट्ट्यात मी स्वतः सौदाच करत नाही, मग कोणी भित्रा म्हटले तरी चालेल. शिवाय सरासरीची पुन्हा सरासरी काढलेली असल्याने एडीएक्स उशिरा बोलतो, म्हणून स्टॉपलॉस (तोटा रोखण्यासाठी सौद्यातून बाहेर पडण्याची पातळी) मात्र किमतीवरूनच ठरवावा.