अंगावरचे संवेदक आणि मे महिन्याचे ऊन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या उपकेंद्रात दाखवायला आणलेल्या, अंगाचे तापमान मोजणाऱ्या मनगटी पट्ट्याला सेल नाही आणि चार्जिंगही लागत नाही, असे सांगतात. मग तो चालतो कशावर? (आशा स्वयंसेविका, आर्वी तालुका)

उत्तर : तो आपली वीज अंगातून किंवा भोवतालातून गोळा करतो: हालचालीतून, अंगाच्या उष्णतेतून, उजेडातून, क्वचित घामातल्या लॅक्टेट या रसायनापासून. दाबले की वीज देणाऱ्या स्फटिकांचा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला होता. घर्षणाच्या विजेवर चालणारे सूक्ष्म जनित्र शास्त्रज्ञ झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडले. मिळकत बहुधा मायक्रोवॅटमध्ये (वॅटच्या दशलक्षांश भागांत) असते, म्हणून ती धारित्रात, म्हणजे वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये, साठवून थोडी थोडी खर्च करावी लागते. त्वचेचे तापमान अधूनमधून मोजायला ती पुरते, पण मोबाइलवर सतत निरोप धाडणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. तेव्हा तो किती मिनिटांनी एकदा मोजतो, एवढे विक्रेत्याला अवश्य विचारा.

प्रश्न : अंगाच्या उष्णतेवर चालणारा पट्टा मे महिन्यात शेतावर उष्माघाताची सूचना देईल का? (कापूस उत्पादक, वणी)

उत्तर : नेमक्या त्याच महिन्यात त्याच्यावर विसंबू नये. अशा पट्ट्यात वीज तयार होते ती त्वचा आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकातून. त्वचा साधारण ३३ ते ३५ अंशांवर असते, त्यामुळे जानेवारीच्या पहाटे हा फरक भरपूर असतो. तरी त्यातला बराचसा भाग त्वचेलगतच्या हवेच्या थरातच संपतो. मे महिन्यात सकाळी हवा ३५ अंशांवर आली की फरक शून्याजवळ जातो, आणि दुपारी ४५ अंशांना उष्णता उलट अंगाकडे वाहू लागते. असा एक तुकडा तळहातावर धरून मी मल्टिमीटर लावला होता. घरात काटा उजवीकडे होता, धुऱ्यावर बाभळीखाली आलो तसा तो शून्याकडे सरकला आणि उन्हात पाऊल टाकताच डावीकडे गेला. दोन्ही दिशांची वीज घेणारी मंडले (सर्किट) असतात, पण स्वस्त पट्ट्यात ती असतीलच असे नाही. आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे: भर उन्हात चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १०० मिलिवॅट ऊर्जा पडते आणि साधा सौर तुकडाही त्यातले १५ मिलिवॅटच्या आसपास देतो. वऱ्हाडात सौर पट्टाच शहाणपणाचा, असे माझे मत आहे.

मात्र वीज मिळाली तरी मापन बरोबर येईलच असे नाही. काळा पट्टा उन्हात स्वतःच तापतो, आणि घाम सुकताना मनगट गार पडते, तर उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंशांवर गेलेले असते. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पट्टा काहीही दाखवो, त्याला सावलीत न्या, अंग ओले करून वारा घाला आणि दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : रोवणीच्या दिवसांत घर्षणावर चालणारा संवेदक टिकेल का? (धान उत्पादक, साकोली)

उत्तर : उघडा असेल तर नाही. दमट हवेत पृष्ठभागावरचा विद्युतभार निसटून जातो आणि चिखलपाण्यात तर लगेचच. पूर्ण बंदिस्त केलेलाच घ्या.

प्रश्न : फवारणी करताना विष अंगात जात असल्याचे असे यंत्र सांगेल का? (शेतमजूर, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आज तरी नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतल्या विषबाधेने माणसे दगावली. त्याच वर्षी सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके ओळखणारा हातमोजा दाखवला, पण तो बोटाने पुसून घेतलेल्या पृष्ठभागावरचे विष ओळखतो, श्वासातून आत गेलेले नव्हे. तोंडाला लाळ सुटणे, बुबुळाची बाहुली बारीक होणे, नजर धूसर होणे, स्नायू फडफडणे, यांपैकी काहीही जाणवले तर फवारणी थांबवा, कपडे काढून साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. कोणते औषध होते हे कळले की उपचार लवकर सुरू होतात.