लडाखच्या खिंडींपेक्षा मुक्कामांची काळजी करा

तुम्ही विचारलंय: पुण्याहून चौघं, सगळे पन्नाशीच्या आसपास, जूनअखेरीस स्वतःच्या गाडीने निघणार. मनालीहून सरचू, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी लेह, तिसऱ्या दिवशी खारदुंग ला, पाचव्या दिवशी उमलिंग ला (लडाखी भाषेत 'ला' म्हणजे खिंड). एवढ्या उंचीवर गाडी चढेल का आणि माणसं टिकतील का?

गाडी चढेल. माणसांची मात्र मला या आखणीत खरंच काळजी वाटते, आणि ती खारदुंग ला किंवा उमलिंग लामुळे नाही. सरचूच्या मुक्कामामुळे वाटते.

खिंडीच्या माथ्यावर तुम्ही पंधरा-वीस मिनिटं थांबता, फोटो काढता, चहा पिता आणि उतरायला लागता. तेवढ्यात शरीर फार बिघडत नाही. बिघडतं ते रात्री, झोपेत. सरचू आहे सुमारे ४,२९० मीटरवर. मनाली जेमतेम २,०५० मीटर. म्हणजे सकाळी मनालीत नाश्ता करणारा माणूस रात्री सव्वादोन हजार मीटर वर जाऊन झोपतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये, असं डॉक्टर सांगतात.

पण सरचूची खरी अडचण नकाशा उघडल्याशिवाय कळत नाही. मनालीच्या बाजूला आहे बारालाचा ला, ४,८९० मीटर. लेहच्या बाजूला गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकी ला आणि मग लाचुंग ला, ५,०५९ मीटर. उंचीच्या त्रासावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. आणि सरचूहून खाली उतरायचं तर आधी वर चढावं लागतं. दोन्हीकडे तेच. पुढचं पांगही तसंच, लाचुंग ला आणि तांगलांग ला यांच्या मधे अडकलेलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही नेमकी तुमचीच आखणी केली होती. मी, यजमान, थोरले दीर आणि जाऊबाई. भाऊजी आमच्यात सगळ्यांत तब्येतीचे, दर रविवारी सिंहगड चढणारे. संध्याकाळी तंबूत डोकं ठणकतंय म्हणाले, जेवले नाहीत. रात्री एकच्या सुमाराला जाऊबाईंनी मला उठवलं. भाऊजी बसल्या जागी धापा टाकत होते आणि बोलण्याचा मेळ लागत नव्हता. जवळच्या लष्करी छावणीतल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन दिला आणि एवढंच सांगितलं, 'उजाडायची वाट बघू नका, जिस्पाला न्या.' अंधारात, रस्त्यावर गोठलेल्या पाण्यावरून आम्ही बारालाचा ला परत चढलो. ती चढण मी आयुष्यात विसरणार नाही. जिस्पाला, ३,२०० मीटरवर आल्यावर दुपारपर्यंत भाऊजी स्वतःहून चहा मागायला लागले. म्हणून कळकळीने सांगते, तब्येत चांगली आहे यावर विसंबू नका. उंचीचा त्रास वय बघत नाही आणि रोजचा व्यायामही बघत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक मुक्कामाला एकच प्रश्न विचारते: रात्री कुणाला त्रास झाला तर इथून उतरायची वाट कुठली? लेहहून खारदुंग ला ओलांडून नुब्रात हुंदरला झोपलात तर तुम्ही लेहपेक्षाही खाली, सुमारे ३,१०० मीटरवर असता. उमलिंग लाच्या वाटेवरचं हानले ४,३०० मीटरच्या आसपास, म्हणजे सरचूइतकंच उंच. पण तिथून लोमा, न्योमा, चुमाथांग करत सिंधूच्या काठाकाठाने मोठी खिंड न चढता लेहकडे उतरता येतं. पँगाँगला मात्र लेह आणि तुमच्यामधे चांग ला उभा असतो, म्हणून तिथला मुक्काम सहलीच्या उत्तरार्धातच ठेवा.

तुमच्या जागी मी असते तर श्रीनगरमार्गे गेले असते. झोजी ला ३,५२८ मीटर, मग कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आत, पुढे नमिका ला, फोटू ला आणि लेह. चढ हळूहळू होतो, शरीराला वेळ मिळतो. मनालीमार्गेच जायचं असेल तर जिस्पाला दोन रात्री काढा आणि तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून थेट लेह गाठा. तीनशेहून जास्त किलोमीटर आहेत, दमछाक होते, पण झोप ३,५०० मीटरवर मिळते. पहाटे निघण्याचं आणखी एक कारण: जूनअखेरीस बर्फ वितळतं आणि दुपारी रस्त्यावरच्या नाल्यांचं पाणी चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी तीन वाजता गाडीच्या दाराला लागतं.

लेहमध्ये दोन पूर्ण दिवस काहीही करू नका. पुणेकराला सुट्टीत स्वस्थ बसणं जड जातं हे मान्य, पण बसा. मग नुब्रा, मग पँगाँग, आणि शेवटी हानले. उमलिंग ला हानलेहून एका दिवसात करून परत हानलेलाच झोपायला या. ती खिंड १९,०२४ फूट, म्हणजे जवळपास ५,८०० मीटर. तिथल्या सीमा सडक संघटनेच्या रस्त्याची २०२१ मध्ये जगातला सर्वांत उंच गाडीरस्ता म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली. २०२५ मध्ये त्याच संघटनेने मिग लावर १९,४०० फुटांपर्यंत रस्ता नेला. खारदुंग लाच्या जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट मात्र खरे नाहीत. आधुनिक मोजणीत ती १७,६०० फुटांच्या आसपास भरते. तरी तिथेही एका श्वासात समुद्रसपाटीच्या निम्माच प्राणवायू मिळतो.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीच्या डायमॉक्स या गोळीबद्दल निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी, रक्तदाब, हृदयविकार असेल तर आवर्जून सांगा. दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. डोकेदुखी, मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, तोल जाणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच खाली. संशय आला की तोल तपासायला माणसाला सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगा. दुकानातले ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर वरचा मुक्काम लांबवू नका.

गाडीचं थोडक्यात. हवा विरळ असल्याने इंजिनाची ताकद कमी होते, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत जास्तच जाणवतं. चढावर खालचा गिअर लवकर टाका, उतारावरही गिअरवरच उतरा. मनालीच्या रस्त्याने गेलात तर वाटेतल्या टांडीच्या पंपावर टाकी पूर्ण भरा. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी प्रसिद्ध आहे. आणि चौघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड सिम हवं, बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.

भाऊजी दोन वर्षांनी पुन्हा आले, श्रीनगरमार्गे, बारा दिवस हाताशी ठेवून. उमलिंग लावर ते गाडीतून उतरले, पाटीला हात लावला आणि दहा मिनिटांत स्वतःच म्हणाले, 'चला, उतरूया.' तुमच्या आखणीत किती दिवस आहेत ते कळवा, मुक्काम मी बसवून देते.