मडगावचा आवाज पणजीत का येत नाही?

प्रश्न : पणजीच्या ऑफिसात आम्ही फ्रीपीबीएक्स (ऑफिसचे फोन नेटवर्कवरून जोडणारे एक्स्चेंज, म्हणजे पीबीएक्स) बसवले आहे. मडगावची शाखा राउटरवरच्या व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी वाटेने) जोडली आहे. तिथल्या फोनची घंटी वाजते, आमचे बोलणे त्यांना ऐकू जाते, पण त्यांचे आम्हाला येत नाही. तिकडून लावलेला फोन तर अर्ध्या मिनिटात तुटतो. फोन बदलून पाहिले, फरक नाही.
– एक वाचक, पणजी

उत्तर : फोन बदलू नका, दोष त्यांच्यात नाही. तुमच्या पीबीएक्सला मडगाव ‘घरचे’ आहे हे ठाऊकच नाही. जो पत्ता ‘लोकल नेटवर्क्स’मध्ये (घरच्या नेटवर्कच्या यादीत) नाही तो बाहेरचा, असे धरून तो मडगावच्या फोनला स्वतःचा इंटरनेटवरचा पत्ता कळवतो. मग मडगावचा आवाज व्हीपीएन सोडून त्या पत्त्याकडे जातो आणि राउटरपाशी अडतो. फोन उचलल्याची पोचही त्याच वाटेने हरवते, आणि ३२ सेकंद वाट पाहून पीबीएक्स कॉल तोडतो.

‘सेटिंग्ज’मध्ये ‘अ‍ॅस्टरिस्क सिप सेटिंग्ज’ उघडा (अ‍ॅस्टरिस्क म्हणजे फ्रीपीबीएक्सच्या आतले कॉल चालवणारे सॉफ्टवेअर, सिप म्हणजे कॉल जोडायची भाषा). ‘लोकल नेटवर्क्स’मध्ये पणजीची ओळ असेल, समजा १९२.१६८.१.० / २४ (२४ म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते). खाली मडगावची जोडा, समजा १९२.१६८.१०.० / २४. इथे हमखास चूक होते ती शेवटच्या आकड्यात: राउटरचा पत्ता आणि ३२ असे भरले, तर तेवढा एकच पत्ता घरचा ठरतो. आपोआप शोधणाऱ्या बटणावर विसंबू नका. राउटरपलीकडचे नेटवर्क त्याला दिसत नाही. सिप ट्रंक (फोन कंपनीकडून येणारी बाहेरच्या कॉलची जोडणी) खासगी लाइनवरून १० ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर मिळाली असेल, तर तीही रेंज याच यादीत हवी.

नुसते ‘अप्लाय कॉन्फिग’ पुरत नाही, अ‍ॅस्टरिस्क पुन्हा सुरू करावा लागतो. त्यात चालू कॉल तुटतात, तेव्हा हे काम जेवणाच्या सुटीत उरका. मग अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर (कमांड लिहायच्या खिडकीत) सिप लॉगर, म्हणजे येणारे-जाणारे संदेश दाखवणारी सोय, चालू करून मडगावला फोन लावा. पीबीएक्सने तिकडे पाठवलेल्या संदेशातली ‘सी=’ने (c=) सुरू होणारी, आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारी ओळ पाहा: तिथे १९२.१६८.१ चा पत्ता हवा. इंटरनेटचा दिसला, तर यादीत अजून चूक आहे.

दोन्हीकडे १९२.१६८.१ च असेल तर मात्र यातले काही उपयोगाचे नाही. आधी एका शाखेचे नेटवर्क बदला.

प्रश्न : पावसात वीज जाऊन आली की बाहेरच्या कॉलवर एकाच बाजूचा आवाज येतो. का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : राउटर पुन्हा जोडला गेला की इंटरनेटचा पत्ता बदलतो, पीबीएक्सच्या ‘एक्स्टर्नल अ‍ॅड्रेस’मध्ये (त्याच्या इंटरनेट पत्त्याच्या नोंदीत) मात्र जुनाच राहतो. इंटरनेट कंपनीकडून स्थिर आयपी (न बदलणारा पत्ता) घ्या. राउटरच्या वॅन (इंटरनेटकडच्या बाजूच्या) पत्त्याची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर तो खरा सार्वजनिक पत्ता नव्हे. त्यावर पोर्ट (राउटरमधले क्रमांक दिलेले दरवाजे) उघडूनही बाहेरचे काही आत येणार नाही. स्थिर पत्ता आला की राउटरमधले ‘सिप एएलजी’ (कॉलच्या संदेशातले पत्ते परस्पर बदलणारी सोय) बंद करा आणि ज्यांतून आवाज येतो ते यूडीपीचे १०००० ते २०००० पोर्ट पीबीएक्सकडे वळवा.