सेरेनावर रागवायचं की नाही?

प्रश्न : ताई, मी टेनिस बघायला लागले तीच सेरेना विल्यम्समुळे. तिची सर्व्हिस, हातातून गेलेली मॅच खेचून आणणं, सगळंच आवडायचं. पण २०१८ ची यूएस ओपन फायनल, नाओमी ओसाकाविरुद्धची, ती काही मनातून जात नाही. रॅकेट आपटली, अंपायरला चोर म्हणाली, बोट नाचवून भांडली आणि तिकडे ती पोर आयुष्यातलं पहिलं ग्रँडस्लॅम जिंकून रडत उभी. हा विषय काढला की लोकांकडून दोनच उत्तरं येतात, एकतर "पुरुष याहून वाईट वागतात, त्यांना कोण बोलतं?" नाहीतर "माजच होता तिला, तुला आत्ता कळलं का?" मला दोन्ही पटत नाही. ती खेळायची थांबली तरी हे टोचतंच. माझंच काही चुकतंय का? तिची फॅन म्हणवून घ्यायचं की सोडायचं?

उत्तर : तुमचं काहीही चुकत नाहीये. तुम्हाला दोन्ही उत्तरं पटत नाहीत याचं कारण ती दोन्ही अर्धवट आहेत.

आधी त्या दिवशी, म्हणजे ८ सप्टेंबर २०१८ ला, नेमकं काय झालं ते क्रमाने बघू, कारण भांडणाच्या क्लिप्स सगळ्यांनी पाहिल्यात आणि मॅच फार थोड्या लोकांना आठवते. पहिला सेट ओसाकाने ६-२ असा घेतला होता, तोही कुठलाही वाद नसताना. वीस वर्षांची मुलगी सेरेनापेक्षा सरळसरळ चांगली खेळत होती आणि हे विसरून पुढचं काहीच बोलता येत नाही. दुसऱ्या सेटच्या सुरुवातीला चेअर अंपायर कार्लोस रामोस यांनी कोचिंगबद्दल वॉर्निंग दिली, कारण मॅच चालू असताना कोचने सल्ला द्यायला ग्रँडस्लॅममध्ये तेव्हा बंदी होती आणि सेरेनाचा कोच पॅट्रिक मुराटोग्लू प्रेक्षकांतल्या तिच्या बॉक्समधून हाताने खुणा करत होता. सेरेना भडकली, मी चीटिंग करून जिंकत नाही, त्यापेक्षा हरेन, असं तिने सांगितलं. नंतर ती ३-१ ने पुढेही गेली. मग डबल फॉल्ट झाले (सर्व्हिसचे दोन्ही प्रयत्न चुकले), सर्व्हिस ब्रेक झाली, म्हणजे स्वतःच्या सर्व्हिसचा गेम गेला, आणि तिने रॅकेट आपटून मोडली. हे दुसरं कोड व्हायोलेशन, म्हणजे वागणुकीच्या नियमांचा भंग, म्हणून एक पॉइंट गेला. पहिली वॉर्निंग मागे घेतली गेलीय अशी तिची समजूत झालेली होती त्यामुळे तिला हा पॉइंट जाणं म्हणजे धक्काच होता. ओसाका ४-३ ने पुढे गेल्यावर बाजू बदलताना ती रामोसना चोर म्हणाली, तिसरं व्हायोलेशन, आणि नियमाप्रमाणे अख्खा गेम गेला. स्कोअर न खेळताच ५-३. शेवट ६-२, ६-४. नंतर १७,००० डॉलरचा दंड झाला.

नियम बघितला तर रामोस यांचं काही चुकलं नाही असंच माझं मत आहे. वॉर्निंग, मग पॉइंट, मग गेम ही पायरी ठरलेली असते, अंपायरला वाटेल तशी उडी मारता येत नाही. मोडलेल्या रॅकेटवर तर वादच नाही. खुणा केल्याचं मॅचनंतर खुद्द मुराटोग्लूने टीव्हीवर कबूल केलं, फक्त सगळेच कोच करतात आणि सेरेनाने बघितलं नसावं असं तो म्हणाला. ते खरं असू शकतं, पण नियमाला तिने पाहिलं की नाही याच्याशी देणंघेणं नव्हतं, खुणा केल्या की शिक्षा खेळाडूला. आता एखाद्या अंपायरने आधी हळूच "कोचला आवर" म्हणून सांगितलं असतं का, तर हो, बरेच जण सांगतात, आणि फायनलला तसं झालं असतं तर मला आवडलं असतं. पण रामोस मुळातच कडक माणूस. नदाल आणि जोकोविचसारख्यांनाही त्यांनी व्हायोलेशन दिलेली आहेत. त्यामुळे हा माणूस बाई समोर आहे म्हणून कडक झाला हे काही पटत नाही.

पण म्हणून तिचं बोलणं हवेतलं होतं असंही नाही, आणि इथे "माज" म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्याच स्पर्धेत काही दिवस आधी फ्रान्सच्या अलिझे कॉर्नेने उलटा घातलेला टी-शर्ट कोर्टवरच पटकन सरळ केला तर तिला व्हायोलेशन मिळालं होतं. पुरुष खेळाडू तर कोर्टवर उघडे बसून टी-शर्ट बदलतात! आयोजकांना नंतर खेद व्यक्त करावा लागला. बायकांना वेगळी फूटपट्टी लावली जाते ही तक्रार खरीच आहे, जुनी चॅम्पियन बिली जीन किंगनेही तेव्हा सेरेनाची बाजू घेतली होती. फक्त तशीच दुसरी जुनी चॅम्पियन मार्टिना नवरातिलोवाने तेव्हा जे लिहिलं ते मला जास्त पटतं, की पुरुषांना काय खपून जातं यावरून आपण कसं वागायचं ते ठरवायचं नसतं. तिने सेरेनाची तक्रार खोटी ठरवली नाही आणि तिच्या वागण्याला सूटही दिली नाही. तुम्हाला ती दोन ठरलेली उत्तरं खटकतात तेव्हा तुम्ही हेच म्हणत असता.

मला स्वतःला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते, ते रॅकेट नाही आणि चोर हा शब्दही नाही. मार्च २००१ मध्ये इंडियन वेल्सला सेरेना फायनल खेळली होती, वय १९. बहीण व्हीनसने सेमीफायनलमधून ऐनवेळी माघार घेतल्याचा राग प्रेक्षकांनी सेरेनावर काढला, मॅचभर तिची हुर्यो उडवली, वडिलांनी तर वर्णावरून शिव्या दिल्या गेल्याचं सांगितलं. ती बेल्जियमच्या किम क्लायस्टर्सविरुद्ध पहिला सेट हरूनही जिंकली आणि पुढे १४ वर्षं त्या स्पर्धेत पाय ठेवला नाही, २०१५ ला परत गेली. म्हणजे जिंकत असताना हजारो लोक हुर्यो उडवतात तेव्हा एका कोवळ्या मुलीचं काय होतं हे जगात कुणाला माहीत असेल तर ते सेरेनाला. आणि २०१८ च्या त्या फायनलला न्यूयॉर्कमध्ये तिच्याच भांडणामुळे पेटलेल्या स्टेडियममध्ये वीस वर्षांची ओसाका, जिने शाळेत असताना सेरेनावर निबंध लिहिला होता, जी ग्रँडस्लॅम एकेरी जिंकणारी पहिली जपानी खेळाडू ठरली, ती टोपी डोळ्यांवर ओढून रडत होती आणि लोक बू करत होते. तो बू ओसाकासाठी नव्हता, अंपायरसाठी होता, मान्य, पण स्टेजवर उभं राहून ऐकायला तिलाच लागत होतं ना. नंतर माइक हातात आल्यावर तिने जिंकल्याबद्दल माफी मागितल्यासारखं बोलावं, हे बघणं फार वाईट होतं.

मात्र त्याच स्टेजवर सेरेनाने ओसाकाला जवळ घेतलं आणि आता बू करू नका, ती चांगली खेळलीय, असं लोकांना सांगितलं हेही लक्षात ठेवा. उशीर झाला होता पण केलं. पुढच्या वर्षी तिने ओसाकाला पत्र लिहून माफी मागितल्याचं जाहीरपणे लिहिलं, ओसाकाचं उत्तर वाचून रडू आलं हेही लिहिलं. अंपायरच्या बाबतीत तिने असं काही केलेलं माझ्या बघण्यात नाही.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नव्हतं हेही फॅन म्हणून आपण मानायला हवं. २००९ ला याच स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये फूट फॉल्ट (सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडणं) दिला म्हणून लाइनवुमनवर ती इतकी धावून गेली की पेनल्टीचा पॉइंट नेमका मॅच पॉइंट ठरला आणि मॅच संपली. तेव्हाही समोर क्लायस्टर्सच होती.

फॅन राहायचं का? माझं उत्तर हो. गरोदर असताना २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, मुलीच्या जन्मानंतर फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या होऊन जिवावर बेतलं होतं, आणि वर्षभरात ती विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्हींच्या फायनलला होती. ही तीच बाई आहे. २४ वं ग्रँडस्लॅम, म्हणजे महिला एकेरीत मार्गारेट कोर्टच्या विक्रमाशी बरोबरी, त्यासाठी ती जिवाचा आटापिटा करत होती, म्हणून तोल गेला असेल. समजून घ्या, पण त्यावर पांघरूण घालायची जबाबदारी तुमची नाही. कुणी विचारलं तर "त्या दिवशी ती चुकली" असं सरळ म्हणा, पुढे लगेच "पण" जोडू नका.

प्रश्न : आता तर कोचिंगला परवानगी आहे. मग सेरेनाला दिलेली ती पहिली वॉर्निंग आज हास्यास्पद वाटत नाही का?

उत्तर : हास्यास्पद नाही, पण नियम वाईट होता हे नक्की. स्टँडमधून बोलायला यूएस ओपनने २०२२ ला परवानगी दिली, प्रयोग म्हणून, आणि तीच सेरेनाची शेवटची यूएस ओपन. १ जानेवारी २०२५ पासून तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमातच ते आलं. मुराटोग्लू सगळेच करतात म्हणाला ते खरंच होतं, जे रोज होतं आणि कधीतरीच पकडलं जातं असा नियम असला की ज्याला पकडलं त्याला अन्याय वाटणारच. म्हणून त्या वॉर्निंगवर ती चिडली ते मी समजू शकते. पण त्या वॉर्निंगने तिचा एकही पॉइंट गेला नव्हता. त्यानंतर ती ३-१ ने पुढे होती, आणि पायरी त्या वॉर्निंगपासून सुरू झाली तरी पुढचा पॉइंट आणि गेम गेले ते रॅकेट मोडल्यामुळे आणि चोर म्हटल्यामुळे.