स्वयंसेवी संस्थेच्या कामात पहिलं वर्ष

मेळघाटात धारणीला प्रकल्पावर जाऊ की अमरावतीच्या ऑफिसात बसू, असं तू विचारलंस. पहिलं वर्ष धारणीलाच काढ. पुढे संस्थेचं व्यवस्थापन सांभाळायचं तर जीपवाला पावती का देत नाही, हे आधी कळायला हवं.

माझ्या सुरुवातीच्या काळात एका शिबिरासाठी ऐन पावसात जीप केली. साडेपाच हजार दिले आणि वहीच्या पानावर सही घेतली. त्यावर तारीख नव्हती. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, तेही नव्हतं. ऑडिटमध्ये तो खर्च नामंजूर झाला. तेव्हापासून व्हाउचर बुक, स्टॅम्प आणि शाईपॅड माझ्या पिशवीत असतातच. कुणाचा अंगठा घेतलास तर शेजारी साक्षीदाराची सही घे.

टॅली आणि एक्सेल शिकून घे, बाकी हळूहळू जमेल.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, दाखल करावा लागतो. हे राहून गेलं की पुढे बँकेत सह्या बदलताना संस्था अडकते. परदेशी निधीतून प्रशासकीय खर्च २०२० च्या दुरुस्तीपासून २० टक्क्यांच्या आतच ठेवावा लागतो, म्हणून तुझा पगार खर्चाच्या कोणत्या शीर्षाखाली पडणार, प्रशासकीय की प्रकल्पाच्या, हे नेमणुकीच्या वेळीच विचार.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत गावात दुपारची बैठक लावू नकोस. बाया शेतात असतात, रात्री जेवणं झाल्यावर जा.