धातूचे मराठा सैन्य विमानाने लंडनला नेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलावर खेळायच्या असईच्या लढाईसाठी रंगवलेले तुमचे २८ मिलिमीटर उंचीच्या छोट्या सैनिकांचे मराठा सैन्य, म्हणजे ९६ पायदळ, २४ घोडेस्वार आणि ४ तोफा, एप्रिलमध्ये पुण्याहून लंडनच्या ‘सॅल्यूट’ या युद्धखेळांच्या प्रदर्शनात खेळण्यासाठी न्यायचे आहे. सगळे सैनिक धातूचे आहेत. ते हातातल्या बॅगेत न्यावेत की चेक-इन सामानात द्यावेत, आणि त्यांच्यासाठी चुंबकाचा डबा (सैनिकांच्या बैठकीखाली चुंबक आणि डब्यात पोलादी पत्रा असलेला) करावा की फोमचा, असे दोन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे, कारण डबा कोणता करायचा हे तो विमानात कुठे बसणार यावरूनच ठरते. चुंबकाचा डबा तुमच्या हातात असेपर्यंतच भरवशाचा असतो. जे सामान वाटेत उलटे ठेवले जाईल की आडवे, हे तुम्हाला सांगता येत नाही, त्यात चुंबकाच्या डब्यासारखे धोक्याचे दुसरे काही नाही.

हे मी स्वतःचे नुकसान करून घेऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी देशातल्याच एका स्पर्धेला जाताना माझे विमान एटीआर जातीचे, पंख्यांचे छोटे विमान निघाले. त्याच्या डोक्यावरच्या कप्प्यांत नेहमीची केबिन बॅग मावत नाही, म्हणून शिडीपाशीच सर्वांच्या बॅगा घेऊन त्या पोटात टाकल्या गेल्या. माझ्या बॅगेत चुंबकाचा डबा होता आणि तो मला वेळेवर बाहेर काढता आला नाही. हॉटेलवर डबा उघडला, तेव्हा बहुतेक सैनिक पत्र्याला घट्ट चिकटून होते. हत्तीवरचा सरदार मात्र सुटला होता, आणि त्या पावशेर धातूने डब्यात इकडून तिकडे आदळत एका पलटणीच्या अकरा संगिनी मोडल्या होत्या. त्या डब्यात एकही सैनिक स्वतःहून मोडला नव्हता. जे मोडले ते सगळे एका सुटलेल्या जड वस्तूने मोडले. चुंबकाच्या पद्धतीचा कच्चा दुवा हाच आहे, आणि तुमचे सगळे सैन्य धातूचे असल्याने तुम्हाला तो प्लास्टिकवाल्यांपेक्षा जास्त जाचेल.

म्हणून माझी शिफारस अशी आहे की नाजूक सैन्य हातातच न्यावे. पण डबा बॅगेपासून वेगळा असावा, एका हाताने उचलून पटकन बाहेर काढता यावा आणि पुढच्या आसनाखाली मावावा. बॅग कोणी मागितली तर बॅग द्यावी, डबा देऊ नये. साधारण ३२ × २२ × २० सेंटिमीटरचा, तीन मजल्यांचा डबा तुम्हाला पुरेल. तुमचे पायदळ ४० मिलिमीटरच्या चौकोनी बेसवर, म्हणजे बैठकीच्या तुकड्यावर, चौघे असे बसवलेले असेल, तर २४ बेस ३० × २० सेंटिमीटरच्या एका पत्र्यावर सहज मावतात. घोडेस्वारांना दुसरा मजला लागेल आणि तोफा तिसऱ्यावर जातील. सर्वांत जड असेल ते सर्वांत खाली ठेवा, म्हणजे तोफा तळाला, घोडे मध्ये आणि पायदळ वर.

आता वजनाचा हिशेब करू, कारण खरी अडचण तिथे आहे. धातूचा २८ मिलिमीटरचा पायदळी सैनिक साधारण ३० ग्रॅमचा धरला, घोडेस्वार ७० ग्रॅमचा आणि गोलंदाजांसह एक तोफ १५० ग्रॅमची, तर तुमचे सैन्य ५ किलो २०० ग्रॅमच्या आसपास भरते आणि बेस धरले तर साडेपाच किलोच्या जवळ जाते. अर्धा मिलिमीटर जाडीचा ३० × २० चा पोलादी पत्रा सुमारे २३५ ग्रॅमचा असतो, म्हणजे तीन पत्र्यांचे ७०० ग्रॅम झाले. त्यावर डबा आणि बॅग यांचे किलो-सव्वा किलो आले, म्हणजे इकॉनॉमीत सर्रास असणारी ७ किलोची मर्यादा ओलांडली गेली. त्याऐवजी ०.३ मिलिमीटरचा पत्रा घेतला, तर तीन पत्रे मिळून सव्वाचारशे ग्रॅममध्ये येतात. तो थोडा वाकतो, म्हणून खाली पातळ प्लाय किंवा फोमबोर्ड चिकटवावा. एवढे करूनही वजन काठावरच राहील, त्यामुळे काही भाग चेक-इनमध्ये द्यावा लागेल हे आधीच मान्य करा. घरून निघण्यापूर्वी बॅग हुकाच्या डिजिटल काट्यावर लटकवून पाहा, अंदाजावर सोडू नका.

चेक-इनमध्ये काय द्यायचे ते किमतीवरून ठरवू नये, ठेंगण्या बांध्यावरून ठरवावे. तोफा ओढणारे बैल, भरीव नळीच्या तोफा, संगिनी खांद्याला टेकवून चालणारे सैनिक हे सगळे फोममध्ये व्यवस्थित प्रवास करतात, कारण त्यांच्यातून बाहेर आलेले असे काही नसते. मात्र चारही तोफा तिकडे देऊ नका. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला सर्वाधिक मार मराठ्यांच्या तोफखान्याने दिला होता. सामान एक दिवस उशिरा आले तर तोफांविना तो खेळ मांडण्यात अर्थ राहणार नाही. दोन तोफा जवळ ठेवा, दोन तिकडे द्या, आणि त्यांच्यासोबत एक पलटण द्या. म्हणजे एखादे सामान अडकले तरी जे हाती आहे त्यावर लढाई मांडता येईल.

पत्र्याबद्दल एक सावधगिरी सांगतो. बरेच जण घरातला स्टीलचा डबा किंवा ताट वापरायला जातात. पण स्वयंपाकघरातल्या कितीतरी भांड्यांचे स्टेनलेस स्टील चुंबकाला धरतच नाही किंवा अगदीच नावापुरते धरते. खिशात एक चुंबक ठेवून हार्डवेअरच्या दुकानात जा, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा मागा, चुंबक लावून पाहा आणि तिथेच मापाने कापून घ्या. कडा हाताला कापतात, त्यांवर टेप मारा. चुंबक निऑडिमियमचेच घ्या. चार सैनिकांच्या बेसला चार कोपऱ्यांत चार, १० मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटर जाडीचे पुरतात. चुंबक आणि पत्रा यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली तरी पकड झपाट्याने कमी होते, म्हणून बेसच्या लाकडाला खोबण करून चुंबक खालच्या पृष्ठाशी अगदी समतल बसवा. वर गोंदाचा थर किंवा कागद नको. मग प्रत्येक पत्रा गादीवर पूर्ण उलटा धरून हलवून पाहा. जो बेस त्या परीक्षेत सुटेल त्याला आणखी चुंबक लावा, किंवा तो फोमच्या डब्यात टाका.

चेक-इनसाठीचा फोम गादीवाल्याकडे मिळतो. तो ‘३२ डेन्सिटी’ वगैरे सांगेल. खालच्या थराला थोडा कडक आणि वरच्या थराला मऊ घ्या, आणि सैनिकाच्या आकारापेक्षा खाच किंचित मोठी कापा. फोमने सैनिकाला आवळायचे नसते, सैनिक खाचेत हलू नये एवढेच पाहायचे असते. घट्ट बसवलेला भाला सामानाच्या प्रत्येक धक्क्याला थोडा थोडा वाकतो आणि चौथ्या-पाचव्या वेळी तुटतो. व्हार्निश ताजे असेल तर उकाड्यात ते चिकट होते आणि फोमची जाळी रंगावर उमटते. तेव्हा शेवटचा हात निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी मारून सैन्य उघड्या हवेत वाळू द्या.

भाले आणि निशाणे यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुमच्याही सैन्याचा जीव तिथेच आहे. ओतीव धातूचा भाला मऊ असतो. एकदा वाकला की सरळ करता येतो, पण दर वेळी तो त्याच जागी कमजोर होत जातो. घोडेस्वारांच्या मुठीत १ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पोलादी तारेचा भाला बसवा आणि तो कायमचा चिकटवू नका. पांढऱ्या फेव्हिकॉलचा एक ठिपका पुरे, तो ओढला की निघतो. जरीपटक्याचे आणि भगव्याचे दांडेही असेच सुटे ठेवा. सुटे केलेले भाले जाड स्ट्रॉमध्ये घालून दोन्ही टोके टेपने बंद करा आणि त्या नळ्या चेक-इन सामानात द्या. एवढ्याने घोडदळाची उंची सहा सेंटिमीटरच्या आत येते आणि मधला मजला ठेंगणा राहतो. लंडनला पोहोचल्यावर २४ भाले परत बसवायला मला तरी पाऊण तास पुरला.

सुरक्षा तपासणीत चुंबकांमुळे मला कधी अडवले गेलेले नाही. अडवले गेले ते पत्र्यामुळे, कारण एक्स-रेच्या पडद्यावर धातूच्या सैनिकांखाली धातूचा पत्रा म्हणजे एक काळा ठोकळा दिसतो आणि जवानाला डबा उघडायला सांगावेच लागते. तेव्हा डबा बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा आणि मजले एकेक करून स्वतः उचलून दाखवता येतील असे बांधा. मी एक गोष्ट नेहमी करतो: एक दणकट पायदळी सैनिक वेगळ्या छोट्या डबीत सुटा ठेवतो आणि कोणी विचारण्याआधीच तो जवानाच्या हातात देतो. कारण अनोळखी माणूस सैनिक उचलतो तेव्हा नेमका भाला किंवा हात, म्हणजे सर्वांत बारीक भाग, चिमटीत धरतो. हातात एक नमुना आला की बाकीच्यांना हात लावण्याची गरज त्याला वाटत नाही. मांडलेल्या खेळाचा एक फोटोही मोबाइलवर तयार ठेवा.

कटर, कटिंग प्लायर, कानस, हातड्रिल हे सगळे चेक-इनमध्ये द्या. प्रायमरचे स्प्रे कॅन आणि प्लास्टिक चिकटवण्याचे द्रव ज्वालाग्राही असल्याने दोन्हीकडे चालत नाहीत. सुपरग्लू तिकडेच विकत घ्या. प्रदर्शनातच छंदाच्या सामानाची दुकाने असतात. पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग चालतात, पण हवेचा दाब कमी झाला की ड्रॉपर बाटल्या गळतात, म्हणून त्या झिप पिशवीत घाला.

चेक-इनच्या भागाचे निघण्याआधी फोटो काढा. नुकसान दिसले तर विमानतळ सोडण्यापूर्वी सामानाच्या खिडकीवर पीआयआर, म्हणजे सामानाच्या नुकसानीचा अहवाल, लिहून घ्या. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराखालील प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २०२४ च्या अखेरपासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) आहे. पण नाजूक वस्तूंबाबत कंपन्या हरकत घेतात, त्यामुळे त्या पैशांवर विसंबून पॅकिंग सैल ठेवू नका.

तुम्ही विमानाची काळजी करता आहात, पण सैन्याला सर्वाधिक हादरे पुणे ते मुंबई विमानतळ या रस्त्याच्या टप्प्यात बसतात. टॅक्सीच्या डिकीत एप्रिलचा उकाडा आणि गतिरोधक दोन्ही असतात. डबा मांडीवर घ्या. उलट लंडनचा टप्पा सोपा आहे: हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे गाडी न बदलता थेट कस्टम हाउस स्थानकाला पोहोचवते आणि प्रदर्शनाचे एक्सेल सभागृह तिथे लागूनच आहे. प्रदर्शनाच्या किमान एक दिवस आधी पोहोचा, त्याच संध्याकाळी डबा उघडा आणि सुटलेले सैनिक चिकटवून रात्रभर वाळू द्या. परतीला मात्र खेळ संपल्याच्या घाईत, टेबलावरच्या गर्दीत भरू नका. मी दोनदा तसे केले आणि दोन्ही वेळा एकेक घोडा पत्र्यावर तिरका बसून आला. पत्र्यांवर बेसच्या जागा पेन्सिलीने आखून त्यांना क्रमांक द्या, तेच क्रमांक बेसखाली लिहा, म्हणजे दमलेल्या हातांनीही प्रत्येक पलटण आपल्या जागी परत जाईल.