वाचकांचे प्रश्न : नेहमीच्या विमानापलीकडची उड्डाणे

मागील अंकात आम्ही वाचकांना नेहमीच्या प्रवासी विमानाहून वेगळ्या विमानांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न (सातारा) : माझा मुलगा पुण्यात शिकतो. हडपसरला ग्लायडरमध्ये बसण्याचा त्याने ध्यास घेतला आहे आणि मलाही सोबत नेणार म्हणतो. ज्याला इंजिनच नाही ते विमान हवेत राहते कसे, आणि मध्येच खाली येऊ लागले तर काय?

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण खरी भीती तेथे आहे. ग्लायडर मध्येच खाली येऊ लागत नाही. उड्डाणासाठी त्याला ओढून वर नेणारा दोर सुटल्या क्षणापासून ते सतत खालीच येत असते, मात्र अत्यंत संथ गतीने आणि पुढे सरकत. प्रशिक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एएसके-21 या दोन आसनी ग्लायडरचे उदाहरण घेतले, तर शांत हवेत ते एक मीटर उंची गमावून सुमारे 34 मीटर पुढे जाते. म्हणजे 300 मीटर उंचीवर असलेल्या वैमानिकाच्या हाती जवळपास दहा किलोमीटरचा पल्ला असतो. इंजिनाच्या विमानात इंजिन बंद पडणे हा अपघाती प्रसंग असतो, तर ग्लायडरच्या वैमानिकाचे सारे शिक्षणच इंजिन नाही हे गृहीत धरून झालेले असते.

हडपसरचे ग्लायडिंग सेंटर 1950 सालापासूनचे आहे आणि ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. महाविद्यालयात असताना मी तेथे पहिल्यांदा ग्लायडरमध्ये बसलो, आणि त्यानंतर केलेल्या कोणत्याही विमानप्रवासाची त्या काही मिनिटांशी तुलना करण्याचा विचारही माझ्या मनात आलेला नाही. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे दोर वेगाने गुंडाळणारे यंत्र, असते आणि तिच्यापासून आलेला लांबलचक दोर ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवलेला असतो. ग्लायडर एकाच चाकावर उभे असल्यामुळे त्याचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. मदतनीस तो उचलून समतोल धरतो, खूण होते, गवतात पडलेला दोर हळूहळू ताणला जातो आणि पुढच्या काही सेकंदांत तो मदतनीस, मैदान, भोवतालची घरे हे सर्व मागे पडते. चढण इतकी तीव्र असते की आपण पाठीवर निजल्यासारखे होतो आणि डोळ्यांसमोर केवळ आकाश उरते. माथ्यावर पोहोचल्यावर वैमानिक नाक खाली करतो, पिवळा दांडा ओढतो, खट् असा आवाज होतो आणि दोर सुटतो.

त्यानंतरच्या क्षणाला लोक शांतता म्हणतात, पण ते पुरेसे अचूक नाही. काचेवरून वाहणाऱ्या हवेचा एक सलग आवाज असतो आणि तो वेगाप्रमाणे चढतो, उतरतो. अनुभवी वैमानिक काट्याकडे न पाहता त्या आवाजावरून वेग ओळखतात. समोरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे वाहत असेल तर ग्लायडर हवेला नीट सामोरे जात आहे असे समजावे, आणि तिरपा झाला तर पायाने सुकाणू सुधारावे. इतके महागडे यंत्र आणि त्यातले एक महत्त्वाचे उपकरण म्हणजे बोटभर लोकर, याचे मला आजही कौतुक वाटते.

आता हवेत राहण्याविषयी. उन्हाने तापलेली नांगरट, खडकाळ माळ, पत्र्यांची छपरे यांच्यावरची हवा आसपासच्या हवेपेक्षा अधिक तापते आणि वर चढू लागते. या चढत्या हवेला थर्मल म्हणतात. ग्लायडर स्वतः सेकंदाला पाऊण मीटर उतरत असेल आणि भोवतालची हवा दोन मीटर चढत असेल, तर ग्लायडर एकूण वरच जाते. ही हवा डोळ्यांना दिसत नाही, परंतु घारींना ती कळते, आणि म्हणूनच वैमानिक घारींवर लक्ष ठेवून असतात. त्या दिवशी माझ्या प्रशिक्षकांनी दूरवर घिरट्या घालणारी एक घार दाखवली, ग्लायडर त्याच वर्तुळात नेले, आणि पुढची दोन-तीन वर्तुळे ती आमच्या पंखाच्या पलीकडे, आमच्याच उंचीवर, पंख न हलवता फिरत राहिली. तिने मान वळवून आमच्याकडे पाहिले ते मी विसरलेलो नाही.

या कलेची मर्यादा किती दूर आहे हे कळावे म्हणून सांगतो : 2018 साली अर्जेंटिनात अँडीज पर्वतावरून उठणाऱ्या हवेच्या लाटांवर स्वार होऊन पर्लान-2 हे ग्लायडर 76,000 फुटांच्या वर गेले. आपली प्रवासी विमाने साधारणपणे याच्या निम्म्या उंचीवरून जातात. आणि या शिक्षणाचा मोठ्या विमानातील प्रवाशांनाही एकदा उपयोग झाला आहे. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एका बोइंग 767 विमानाचे इंधन मोजमापातील चुकीमुळे वाटेतच संपले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान बॉब पिअर्सन यांना ग्लायडरचा अनुभव होता. धावपट्टीजवळ येताना उंची जास्त आहे हे ओळखून त्यांनी, ग्लायडर तिरपे करून उंची उतरवतात त्याच रीतीने, ते अवाढव्य विमान तिरपे केले आणि गिमली येथील जुन्या हवाई तळावर उतरवले. विमानातील सर्वजण वाचले.

तेव्हा जरूर जावे. सेंटर केव्हा सुरू आहे याची आधी चौकशी करावी आणि पावसाळ्याचे दिवस टाळावेत. दुपारच्या उन्हात थर्मल अधिक मिळतात, पण हवा खडबडीतही असते; पोट नाजूक असेल तर सकाळची वेळ मागून घ्यावी.

प्रश्न (ग्वाल्हेर) : आमची आजी सांगत असे की तिच्या लहानपणी येथे तळ्यावर विमान उतरत असे आणि ते विलायतेहून येत असे. घरात कोणाचा यावर विश्वास बसत नाही. यात तथ्य आहे का?

आपल्या आजींचे म्हणणे खरे आहे, आणि घरातील सर्वांना ते अवश्य वाचून दाखवावे. 1938 पासून इंग्लंडमधील साउदॅम्प्टन ते ऑस्ट्रेलियातील सिडनी या मार्गावर ब्रिटनची इम्पीरियल एअरवेज आणि ऑस्ट्रेलियाची क्वांटास या कंपन्यांची उडती बोट, म्हणजे नावेच्या आकाराचे पोट असलेले चार इंजिनांचे विमान, नियमित जात असे. कराचीनंतर राजस्थानातील राजसमंद तलाव, मग ग्वाल्हेरचा माधोसागर, पुढे अलाहाबाद आणि कलकत्त्याला हुगळी असे तिचे आपल्या देशातील थांबे होते. मुख्य काम टपाल नेण्याचे होते आणि प्रवासी त्यासोबत जात.

पाण्यावर उतरण्याचे कारण सरळ होते. जड विमानाला लांब व पक्की धावपट्टी लागते. ती त्या काळी मोजक्याच ठिकाणी होती, तर नद्या, तलाव आणि बंदरे सर्वत्र होती. प्रवाशांना मोटरबोटीने विमानापर्यंत नेत. आत उभे राहून खिडकीतून बाहेर पाहण्यासाठी स्वतंत्र जागा असे आणि रात्रीचा मुक्काम जमिनीवर, हॉटेलात होत असे, त्यामुळे सिडनीपर्यंतच्या प्रवासाला नऊ-दहा दिवस लागत. उड्डाणाच्या वेळी खिडक्यांवर पाण्याचा पडदा चढे आणि बोटीचे पोट पाण्यातून मोकळे होताच तो एकदम ओसरे. वैमानिकांना मात्र लाटांपेक्षा आरशासारख्या निश्चल पाण्याची धास्ती अधिक असे, कारण अशा पाण्यावर उंचीचा अंदाज येत नाही आणि बोटीचे पोट पाण्याला चिकटून राहते. म्हणून काही वेळा मोटरबोट फिरवून पाणी मुद्दाम हलवावे लागे.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांसाठी जगभर धावपट्ट्या बांधल्या गेल्या आणि उडत्या बोटींची गरज संपली. ब्रिटिश कंपनीने त्या 1950 मध्ये बंद केल्या. आज तसा अनुभव घ्यायचा असेल, तर मालदीव हे आपल्याला जवळचे ठिकाण आहे. तेथे ट्विन ऑटर ही लहान विमाने चाकांऐवजी बसवलेल्या तराफ्यांवर पाण्यात उतरतात. त्यांचा आवाज मोठा असतो, पण ती कमी उंचीवरून जातात आणि प्रवाळबेटांची वलये त्यांतून जशी दिसतात तशी मोठ्या विमानातून दिसत नाहीत.

प्रश्न (ठाणे) : मुलगी श्टुटगार्टला नोकरी करते. आम्ही तिकडे गेल्यावर ती आम्हाला झेपेलिनमध्ये बसवणार आहे. हिंडेनबुर्गची ती जळती चित्रफीत पाहिलेली असल्यामुळे पत्नी तयार नाही.

आपल्या पत्नींची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका शब्दात आहे : हेलियम. 6 मे 1937 रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे पेटलेल्या हिंडेनबुर्ग या जर्मन वायुनौकेमध्ये, म्हणजे हलक्या वायूच्या प्रचंड पिशवीच्या आधाराने तरंगणाऱ्या विमानामध्ये, हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू भरलेला होता, कारण हेलियम अमेरिकेच्या हाती होता आणि तो जर्मनीला मिळाला नाही. आजच्या झेपेलिन एनटी या वायुनौकेत हेलियम असतो आणि तो पेट घेत नाही. त्या दुर्घटनेविषयी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते : चित्रफीत पाहून कोणीच वाचले नसेल असे वाटते, परंतु विमानातील 97 जणांपैकी 62 जण वाचले होते.

ही उड्डाणे बोडेनझे सरोवराच्या काठी, फ्रीडरिक्सहाफेन येथून होतात. काउंट झेपेलिन यांची पहिली वायुनौका 2 जुलै 1900 रोजी याच सरोवरावरून उडाली, त्यामुळे जागेलाही अर्थ आहे. नौकेची लांबी सुमारे 75 मीटर, म्हणजे बोइंग 747-400 या जम्बो जेटपेक्षाही थोडी अधिक. प्रवासी मात्र बारा-चौदाच. वायूच्या पिशवीकडे पाहून फसू नये. ती बलूनसारखी वाऱ्यावर वाहत जात नाही. तीन इंजिने तिला दिशा देतात आणि ती हवेपेक्षा किंचित जडच ठेवलेली असते.

चढण्याची पद्धत मुद्दाम पाहावी. नौका जमिनीवर उभी असतानाही वाऱ्यासोबत हलत असते, आणि तिचे वजन एकदम घटू नये म्हणून आधीच्या फेरीतील दोघे उतरतात तेव्हाच नवे दोघे चढतात, मग पुढचे दोन, आणि त्यानंतर पुढचे दोन. एक घनमीटर हेलियम ढोबळमानाने एक किलो वजन पेलतो, हे ध्यानात घेतले की एका माणसाच्या उतरण्याने नौकेला किती फरक पडतो ते कळते. वर गेल्यावर पट्टा सोडून फिरता येते. सुमारे 300 मीटर उंचीवरून, मोटारीच्या वेगाने जाताना खालच्या अंगणातील वाळत घातलेले कपडेही दिसतात. तिकीट महाग आहे आणि हिवाळ्यात उड्डाणे नसतात. वारा वाढला तर फेरी पुढे ढकलली जाते, म्हणून हाताशी एक जादा दिवस ठेवावा.

प्रश्न (नाशिक) : माझे वय 71 आहे. लहान विमानात वैमानिकाशेजारी बसण्याची इच्छा आयुष्यभर राहून गेली. आता उशीर झाला का?

जे. आर. डी. टाटा यांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, 1982 मध्ये, त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथ या एका इंजिनाच्या जुन्या विमानातून पुन्हा पार केला. तेव्हा त्यांचे वय 78 होते आणि विमानात ते एकटे होते. आपल्याला तर विमान चालवायचेही नाही. रक्तदाब आणि कानाचा काही त्रास असल्यास डॉक्टरांना विचारावे, आसनापर्यंत चढताना पंखावर पाय ठेवावा लागतो का हे आधीच पाहून घ्यावे, आणि वजन खरे सांगावे, कारण लहान विमानात कोणी कोठे बसायचे आणि इंधन किती भरायचे हे त्यावरून ठरते.